चांगोची बंडी

सन छत्तीसच्या हिवाळ्यात आटगावचा चांगो आणि मी चीनमध्ये एका साहेबाकडे स्वयंपाकाला होतो. साहेब शांघायहून आगगाडीनं निघाला, म्हणून मागच्या डब्यात आम्हीही.

खिडकीबाहेर आमच्याकडच्यासारखीच भातखाचरं होती. फक्त धसकटांवर बर्फ होता.

“गोमा, ते बुजगावणं बघ,” चांगो म्हणाला. “माझी बंडी हाय त्याच्या अंगात. निळं ठिगळ भागीनं लावलेलं.”

“बायकोची आठवण येतेय तुला, दुसरं काय!” मी खेकसलो.

चांगोनं ऐकलंच नाही. “भात झोडून झालं का बुजगावणं जाळायचं, अशी आमच्या घरची रीत. या खेपेला त्याला हीच बंडी घातली हुती, अन् निघायच्या घाईत मी ते जाळलंच नाय रे.”

पुढच्या खाचरात तेच बुजगावणं होतं. तेच निळं ठिगळ, पण रुळांच्या जवळ. त्याच्या पुढच्या खाचरात ते इतकं जवळ होतं, की खिडकीतून हात काढला असता तर बंडीला लागला असता.

मग एका खाचरात नुसती काठी दिसली.

“गेलं बघ एकदाचं,” म्हणत मी वळलो.

चांगो बाकावर ताठ बसला होता, दोन्ही हात आडवे पसरून. कोटाच्या बाहीतून पेंढा गळत होता.