हातावरचं दही

दह्याची वाटी हातात तशीच धरून अनुसयाबाई पोलीस चौकीत आल्या. "माझ्या दिगूला अडवा, सकाळच्या बसनं सीमेपलीकडे निघालाय," एवढंच त्या म्हणत होत्या.

"अहो मावशी, पोरगा बाहेरगावी निघाला, त्यात काय एवढं?" फौजदारांनी विचारलं.

"हातावर दही घेतल्याशिवाय तो कधी उंबरा ओलांडत नाही. दही घेतलं की माणूस परत येतो. आज त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, 'या वेळी नको, आई.'"

वर्षभर दिगू मोबाइलवरच्या कुणा गुरुजींचं ऐकत होता. ज्या शिंपीकाकांच्या अंगाखांद्यावर खेळला, त्यांनाच आता शत्रू म्हणत होता. हे ऐकलं आणि फौजदारांनी लगेच शेजारच्या राज्यातल्या पोलिसांना फोन लावला.

दुपारपर्यंत बाई बाकावरून हलल्या नाहीत. मग फोन आला. सीमेपलीकडच्या नाक्यावर बस अडवली होती. दिगूला न्यायला आलेली गाडी मात्र पळाली होती. फौजदारांनी फोन बाईंच्या कानाला लावला.

"आई, तू सांगितलंस?"

"हो, मीच."

"आजपासून तू मला मेलीस."

बाईंनी फोन परत दिला. "त्याला इकडं पाठवताना हातावर दही ठेवायला सांगाल त्यांना?"

फौजदार जरा घुटमळले, मग हिंदीत सगळं समजावून बोलले. "साखर घालून की नुसतं, विचारताहेत."

"साखर घालून," बाई म्हणाल्या. "आणि त्यानं हात पुढे केला का, तेवढं कळवायला सांगा."