थांबेल आपोआप

सासऱ्यांनी हौसेनं स्वतः बसवलेला शॉवर जोडातून गळतच होता. कुणी प्लंबरचं नाव काढलं की ते म्हणत, “थांबेल आपोआप,” आणि जोडावर बांधलेली सुतळी आणखी आवळत.

ते मंडईत गेले, तशी नव्या सुनेनं ओढणी खोचली. ती प्लंबरचीच लेक. शॉवर उतरवताच आट्यांवरची, गळती रोखणारी टेप उलट्या दिशेनं गुंडाळलेली दिसली. तिनं नवी टेप सुलट गुंडाळून शॉवर घट्ट बसवला आणि वर सुतळी होती तशी बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आलेले सासरे सगळ्यांना ऐकवत होते, “बघा, थांबलं की नाही आपोआप!” सुनेनं मान डोलावली.

संध्याकाळी त्यांनी टेपची कोरी गुंडाळी हळूच ओट्यावर ठेवली. “सूनबाई, हा सिंकचा नळही गळतोय. उद्या मंडईत मला जरा उशीरच होईल हं.”