वैशाखात चामडी कोट

“हे कोणी खरं मानणार नाही, अन् मानूही नका,” चंपतराव म्हणाले, “पण भर मे महिन्यात आमच्या गिरिधरच्या मिशीवर बर्फ जमलेला मी या डोळ्यानं पाह्यला.”

सक्करदऱ्याच्या त्या घरात कोणी हललं नाही. गिरिधर जाऊन आठवडाही झाला नव्हता. वाडीच्या गोदामातून मालाच्या बिल्ट्या-पावत्या घेऊन तो मोटारसायकलवर निघाला, आणि नाक्यावर ट्रकनं उडवलं. अंगात चामडी कोट होता, डोक्यात हेल्मेट होतं. ट्रकपुढे दोन्ही कामी आली नाहीत.

त्याची बायको वच्छला भिंतीला टेकून बसली होती. तेव्हापासून ती रडली नव्हती, बोललीही नव्हती. ताट वाढलं की जेवायची. नीज म्हटलं की आडवी व्हायची. उकडत होतं म्हणून कोणीतरी तिच्या हातात पंखा दिला होता. तो ती न हलवता धरून होती.

तिची सासू जिजाबाई. तिनं भावाला, म्हणजे चंपतरावांना, सकाळीच आडोशाला नेऊन सांगितलं होतं, “दादा, पोरगी आतल्या आत दगड होऊन राह्यली. रडव तिले. नाही तं हासव. तुले शिव्या दिल्या तरी चालते. पण तोंड उघडलं पाह्यजे तिचं.”

चंपतराव नरखेडकडचे. थापांसाठी तालुक्यात नाव. त्यांच्या शब्दावर कोणी बैल विकत घेत नसे; पण ते बोलू लागले की बैल घेऊन निघालेला माणूस बाजार विसरून उभा राही.

“बर्फ?” शेजारच्या रुपरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

“बर्फ! मागच्या साली कोपर सोलून घरी आला, तवापासून त्याच्या माईनं शपथच घातली होती. कोट घातल्याशिवाय गाडीले हात लावाचा नाही. मंग ऊन काय अन् पाऊस काय. त्या दिवशी तं डांबर असं पातळ झालं होतं, का कावळे चपला घालून रस्ता ओलांडत. अन् हा गळ्यापर्यंत बटनं लावून! मी म्हटलं, गिरिधर, अर्ध्या वाटेत शिजशीन गा. तं हासला. पठ्ठ्यानं कूलरच्या वाळ्याच्या ताट्या आतून शिवून घेतल्या होत्या. ओल्या. गाडी चाळीसवर गेली का बाहीतून हवा आत, अन् कोटाचा कूलर सुरू. साठवर गेली तं मागं बसून मले हुडहुडी भरली.”

“तुम्ही मागं बसले होते?”

“नाही तं काय वाऱ्यावर होतो? गोंडखैरीपाशी यष्टीतले लोक खिडक्यांतून अर्धे बाहेर लटकून राह्यले. ‘ड्रायव्हरसाहेब, त्या कोटाच्या मागं मागं घ्या!’ एक वरात जाऊन राह्यली होती. नवरदेव घोडीसकट आमच्या मागं. लगन राह्यलं बाजूले.”

दारातली एक बाई फिसकन हसली आणि तिनं लगेच पदर तोंडात कोंबला. चंपतरावांनी वच्छलाकडे नजर टाकली. पंखा तसाच होता.

त्यांनी आवाज चढवला.

“नरखेडले पोचलो, अन् संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरून गाडी घातली. झाडाईले वाटलं, पौष लागला! भर उन्हाळ्यात आंबिया बहार फुटला गा. जिकडं तिकडं पांढरी फुलं. मालक कपाळाले हात लावून बसला. म्हणे, आता या झाडाईले मी समजावू कसं?”

रुपरावांना हसू आलं, आणि आल्याची लाज वाटली. जिजाबाई सुनेचं तोंड निरखत होती. तिथं काहीच नव्हतं. वच्छला समोरच्या फरशीकडे पाहत होती, आणि फरशीवर पाहण्यासारखंही काही नव्हतं.

गिरिधर चंपतरावांचा सख्खा भाचा होता. त्याला खांद्यावर बसवून त्यांनी जत्रा दाखवली होती. क्षणभर त्यांना पुढचं सुचेना. रुपरावांच्या ते लक्षात आलं असावं.

“पण चंपतराव, वाळा तं तासाभरात सुकते,” ते म्हणाले. “रस्त्यानं पाणी कुठून आणे तो?”

“पाण्याचं काय काम?” चंपतराव सावरून बसले. “म्हणून तं बर्फ! रोज सकाळी इतवारीतून लादी आणे, आपल्या हातानं फोडे, अन् आपल्या हातानं कोटात भरे. घरी कोणाले तसदी नाही. घरचे तं झोपलेलेच राहत.”

“खोटं.”

शब्द इतका हळू आला, की कुठून आला ते कोणाला कळलं नाही. थोरली माणसं बोलत असताना सुनेनं मध्ये तोंड घालायची त्या घरात रीत नव्हती. जिजाबाईनं पुढे होऊ पाहणाऱ्या बाईचा हात धरून ठेवला.

चंपतरावांनी मान वळवली नाही. “काय खोटं?” त्यांनी विचारलं.

“बर्फ नव्हता, मामाजी.” वच्छलाचा आवाज घोगरा झाला होता. “माठातलं पाणी होतं. आतून जुनी बंडी घालत होते, तिच्यावर मी ओतत होती. रोज मीच. झोपली नव्हती मी.”

तिनं हातातला पंखा खाली ठेवला.

“कॉलर ओढून मानेतून ओतत होती. तं ते ‘हळू वं, हळू’ करत अंगणभर पळत,” ती म्हणाली. “अन् मी तांब्या घेऊन मागं.”