मागच्या बागेतला तांदुळजा

“जयसिंग, गोणी उघडा,” अपूर्वा मॅडम म्हणाल्या.

जयसिंगने आधी गोणीकडे पाहिलं, मग शकूमावशीकडे. सकाळी सातपासून तो गेटवर उभा होता. पाय सुजले होते. दुपारचे चार वाजले होते आणि अजून तीन तास काढायचे होते. त्यात हे.

गोणीत काय असणार ते त्याला ठाऊक होतं. गेली तीन वर्षं ठाऊक होतं. धायरीतल्या या सोसायटीच्या बागेतलं तण शकूमावशी उपटायची. सोसायटी ज्याला कचरा म्हणायची, त्यातलाच मूठभर तांदुळजा, थोडी पाथरी ती पदराला बांधून घरी न्यायची. लसूण-मिरचीवर परतली की घरादाराचं जेवण व्हायचं. आता तिची सून वैष्णवी गरोदर होती. सातवा महिना, आणि अंगात रक्त नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज पालेभाजी खा. त्यावर मावशी हसली होती. “खाती की. फुकटची हाय म्हनून तर खाती.”

मग चौथ्या मजल्यावरच्या अपूर्वा मॅडमना या भाज्यांचा शोध लागला. त्यांनी मावशीलाच बाकाशेजारी उभं करून विचारलं. हे काय, ते काय, कशात घालायचं, कुणाला सोसत नाही. मावशीने सगळं सांगितलं. घोटभर चहासुद्धा न मिळता सांगितलं. पुढच्या रविवारी क्लब हाउसमध्ये मॅडमचं व्याख्यान झालं, ‘आपल्या अंगणातलं आरोग्य’. मावशी तेव्हा बाहेर खुर्च्या पुसत होती. आठवड्याभरात गेटवर पाटी लागली. ‘बागेतील रानभाज्या ही सोसायटीची मालमत्ता आहे. कामगारांच्या पिशव्या तपासल्या जातील.’ तीन वर्षांचा कचरा एका पाटीने मालमत्ता झाला.

पाटी लागल्यापासून मावशीने एक पान नेलं नव्हतं. आज मात्र पदर नाही, पिशवी नाही, सरळ सिमेंटची गोणी. तोंडापर्यंत भरलेली. जयसिंगला तिचा रागच आला. मावशे, मूठभर नेलं असतंस तर मी डोळे मिटून घेतले असते. एवढी हाव कशाला?

मावशी हात चोळत होती. पंजे लालभडक झाले होते. मघाशी तिने गेटच्या नळावर तीनदा हात धुतलेले त्याने पाहिले होते.

त्याने गोणीचं तोंड सोडलं. तांदुळजाच होता. हिरवागार, कोवळा.

“मागची अख्खी बाग उपटलीत की!” मॅडम म्हणाल्या. “क्षमा करा हं शकूताई, पण पाटी मराठीतच आहे ना?”

“म्याडम, ही भाजी खायाची न्हाई...”

“आम्ही खायची नाही. तुम्ही गोण्या भरभरून खायची. वा!”

“तसं न्हवं वो. ऐका तरी...”

“ऐकलं की महिनाभर. पुरे आता. जयसिंग, ही गोणी क्लब हाउसला पोचवा. सहा वाजता वीस जणी येणार आहेत, करून दाखवायचीय.”

जयसिंग गोणी उचलायला वाकला. त्याच्याआधी मावशीने ती ओढली, फरफटत गेटबाहेर नेली आणि रस्त्याकडेच्या गटारात उपडी केली. काळ्या पाण्यावर तांदुळजा तरंगायला लागला. जो वर राहिला तो तिने चपलेने खाली दाबला. एकूण एक जुडी.

“बघितलंत?” मॅडमचा आवाज चिरकला. “मला नाही तर कुणालाच नाही! आणि ह्यांच्याकडून मी शिकत होते! जयसिंग, रजिस्टरला लिहा. चोरी आणि नासधूस. कॉन्ट्रॅक्टरला मी आत्ता फोन लावते.”

मावशी भांडली नाही. रडलीही नाही. कडेच्या दगडावर बसली आणि जयसिंगकडे बघून एवढंच म्हणाली, “दमले रं बाबा सांगून सांगून.”

रजिस्टरला चोरी लिहिली की कॉन्ट्रॅक्टर त्याच दिवशी माणूस काढायचा. लिहायला सांगूनही जो लिहायचा नाही, त्या वॉचमनलाही काढायचा. दोन्ही जयसिंगने बघितलं होतं. तिकडे तिच्या सुनेचा सातवा महिना, इकडे त्याची दोन पोरं शाळेत. असल्या ठिकाणी माणूस चांगला राहावा अशी सोयच ठेवलेली नसते. त्याने रजिस्टर ओढलं. दिवसाला तीनशे ओळी तो त्यात लिहायचा. दूधवाले, पार्सलवाले, कामवाल्या, लिफ्टवाले. हात लिहायचा, डोकं वाचायचं नाही. वाचायचा पगार नव्हता.

घाईत पान उघडलं ते कालचं. ते उलटायला त्याने बोट लावलं आणि बोट एका ओळीवर थांबलं. अक्षर त्याचंच होतं. ओळ त्याने दोनदा वाचली. मग मावशीच्या लाल पंजांकडे पाहिलं. मग गटाराकडे.

“लिहिलं का?” फोन कानापासून दूर धरत मॅडमनी विचारलं.

“लिहितो ना, मॅडम. आधी कालची एक ओळ वाचून दाखवतो.”

त्याने पेन खाली ठेवलं आणि शाळेत धडा वाचावा तसं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

“काल सकाळी अकरा. सेक्रेटरी साहेबांची परवानगी. दोन माणसं, दोन पंप. मागच्या बागेत तणनाशक मारणे.”