बागेतली टपरी

सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्याने, गौरांगने, बाबांना पुण्याहून न्युरेम्बर्गला आणलं आणि आमच्या मागच्या बागेत त्यांच्यासाठी चाकांवरचं लाकडी घर उभं केलं. तो त्याला टायनी हाउस म्हणतो. महापालिकेच्या अतिक्रमण खात्यात जन्म काढलेले बाबा त्याला टपरी म्हणतात. पलंगावर बसल्या बसल्या गॅस, देव आणि दार, तिन्हींना हात पोचतो. त्यांनी पुण्याला परत जायचं नाव काढलं, की गौरांगचं उत्तर ठरलेलं, "बाबा, इथे तुमचं स्वतंत्र घर आहे ना!"

आज बाऊआम्टचा, म्हणजे इथल्या बांधकाम खात्याचा, माणूस येऊन सांगून गेला, "चाकं असली तरी आत माणूस राहतो, म्हणजे हे घरच. बागेत घर चालत नाही, हलवा. आमच्याकडे तक्रार आलीय."

गौरांग भडकला. "हे शेजारच्या फोगेलचंच काम! थांब, जाऊन विचारतोच त्याला."

बाबा बॅगेत कपडे भरत होते. मान वर न करता म्हणाले,

"त्या बिचाऱ्याला काही बोलू नकोस. त्याने फक्त जर्मन करून दिलं. तक्रार माझी आहे."