नसलेल्या बांगड्या

नीरजा लग्न होऊन आली त्या घरातल्या शेगडीला बटणच नव्हतं. वरचा सेन्सर हाताची खूण पाहून ती पेटवायचा. नीरजाने हरतऱ्हेने हात हलवून पाहिले, पण शेगडी ढिम्म.

"अगं, असं कर," म्हणत हर्षदने मोकळ्या मनगटावरच्या नसलेल्या बांगड्या मागे सारल्या. शेगडी पेटली.

"ही कुणाची सवय?"

"मानसीची. शेगडी तिच्याच हातांवर शिकलीय."

मानसी, म्हणजे त्याची पहिली बायको! नीरजाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्याच दुपारी ती खूण पुसली आणि शेगडीला आपली साधी चुटकी शिकवली.

सकाळी हर्षदने चहाचं आधण ठेवून चुटकी वाजवली. शेगडी पेटली. नीरजा दारातून समाधानाने पाहत होती.

पेटलेल्या शेगडीसमोर त्याने तरीही नसलेल्या बांगड्या हळूच मागे सारल्या.