राजाचा आवाज

रखरखीत वाऱ्यासोबत आलेल्या पांढऱ्या धुळीत राजाची छत्री अधांतरी तरंगल्यासारखी दिसत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचा राजा दरबारात थेट बोलत नाही. तो पुटपुटतो आणि म्हातारा ओक्येरे ते मोठ्यानं सांगतो. ओक्येरे याआधी दोन राजांचा आवाज झाला होता. हा तिसरा वयानं कोवळा, स्वभावानं मिरची. समोर बंड केलेल्या गावाचा म्होरक्या पायातल्या वहाणा न काढता उभा होता. “वहाणा घालून माझ्यापुढे? सांग थेरड्याला, उद्या तुझं गाव पेटवतो,” राजा पुटपुटला. राजाचा शब्द बदलणाऱ्याची मान धडावर राहत नसे. ओक्येरेनं डोळे मिटले. “राजे म्हणतात, बाबा, लांबून आलात. आधी पाणी प्या, भांडण कुठं पळून चाललंय?” म्होरक्यानं वाडगा रिकामा केला आणि हळूच वहाणा काढल्या. राजा अलगद ओक्येरेच्या कानाशी वाकला. “काका, पुढे मी काय म्हणालो?”